लसीनंतर त्रास झाला, तर त्या घराचे ऐकणार कोण?



मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि सुट्टीच्या दिवशी लसीकरण शिबिरांत तुमच्यासारखाच कार्यकर्ता. लस घ्यावी की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. २०२२ साली गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराने काय केले ते आपण पाहिले. आज मी बोलणार आहे ते लस घेतल्यावर ज्यांच्या मुलाला त्रास झाला, त्या कुटुंबांबद्दल.

आमच्या वस्तीत दीड वर्षाच्या एका मुलाला बूस्टर डोस दिला. रात्री ताप चढला आणि फिट आली. आईबाप दवाखान्यात धावले, तर त्यांना ऐकवले गेले, "लसीने काही होत नाही. तुम्ही लोक उगाच अफवा पसरवता." मूल दोन दिवसांत बरे झाले. पण जावेच्या तान्ह्या मुलीची लस थांबली, गल्लीतल्या आणखी काही घरांची थांबली. आम्ही समजवायला गेलो तेव्हा ती आई म्हणाली, "भाई, पुन्हा काही झालं तर आमचं ऐकणार कोण?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

आरोग्य खात्यात अशा त्रासाला 'एईएफआय' म्हणतात, म्हणजे लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना. यातला शब्द 'नंतरची' आहे, 'मुळे झालेली' नाही. कारणे पाच असू शकतात : लसीचा स्वतःचा परिणाम, उत्पादनातला दोष, देताना झालेली चूक, सुईची धास्ती किंवा निव्वळ योगायोग. २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. तिथे चूक माणसांची होती, लस तर पोटात गेलीच नव्हती. बूस्टरनंतर तापामुळे फिट येणे ही माहीत असलेली, क्वचित घडणारी गोष्ट आहे. मूल बहुधा पूर्ण बरे होते. हे त्या आईला कोणी दोन मिनिटे बसून सांगितले असते, तर गल्ली हातची गेली नसती. "लसीमुळेच झाले" आणि "लसीमुळे शक्यच नाही", ही दोन्ही वाक्ये चौकशीआधी बोलायची नसतात.

आमच्या धंद्यात बग कळवणाऱ्याला कोणी शत्रू मानत नाही. अमेरिकेत १९९८ साली रोटाव्हायरसची एक लस आली. काही बाळांचे आतडे आतड्यात अडकल्याच्या नोंदी येऊ लागल्या, तपास झाला आणि १९९९ मध्ये ती लस मागे घेतली गेली. पुढे अधिक सुरक्षित लसी आल्या. नोंद करणाऱ्यांनी लसीकरण वाचवले.

मग आपण काय करायचे? आधी मुलाला दवाखान्यात न्यायचे, वाद नंतर. लसीकरण कार्डाचा फोटो, लसीचे नाव, बॅच क्रमांक, डोसची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ, दवाखान्याचे कागद, हे सारे जपायचे. नर्सताई किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नोंद करायची. घटना गंभीर असेल तर ती जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचली का, हे विचारत राहायचे. औषध-लसींचे दुष्परिणाम कळवायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल-फ्री क्रमांकही आहे. पुढचा डोस द्यायचा का, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. शेजारी नव्हे, आणि आपणही नव्हे.

सर्वात अवघड प्रसंग मुलाच्या मृत्यूचा. आपल्याकडे दफन लवकर व्हावे अशी इच्छा असते, आणि शवविच्छेदन म्हटले की घर हादरते. जबरदस्ती नको. पण त्याशिवाय खरे कारण बहुधा कळत नाही, हे घरातल्या मोठ्यांना हळुवारपणे सांगायला हवे. त्यांनी नकार दिला, तरी आपण त्यांची साथ सोडायची नाही.

आणि एक मागणी. चौकशीचा निष्कर्ष कुटुंबाला लेखी, त्याच्या भाषेत मिळावा. लसीमुळे अपाय झालेल्यांना भरपाई देण्यासाठी ब्रिटनने १९७९ साली आणि अमेरिकेने १९८६ साली कायदा केला. आपल्या बालकांच्या नेहमीच्या लसीकरणासाठी तसा कायदा नाही. लस सगळ्या समाजाला वाचवते. मग क्वचित होणारा अपाय एकट्या घराने का सोसावा?

माझी विनंती एवढीच : प्रत्येक शाखेने दोन कार्यकर्ते नेमावेत, त्यातली एक बाई असावी. शिबिर संपल्यावरही महिनाभर त्यांचा फोन चालू राहावा. रात्री दोनला फोन वाजला, तर तो उचलला जावा.