पडलेली मोटारसायकल

जुनी मोटारसायकल विकावयास काढलेला मनुष्य ‘गाडी पडली होती’ असे सहसा म्हणत नाही. ‘जरा टेकली होती’ असे म्हणतो. या ‘टेकण्या’त काय काय मावते, हे ओळखणे हाच अशा खरेदीतला खरा प्रश्न. किंमत त्यानंतरची. पण होते असे की, घेणाऱ्याच्या कानावर आधी किंमत पडते आणि मग डोळ्यांना दिसावयाचे तेही दिसेनासे होते.

उदाहरणादाखल खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यावर जाणाऱ्या एका तरुणाची गोष्ट घ्यावी. दुसरी पाळी सुटली की परतीच्या बसची खात्री नाही. शिवाय आठवड्यातून एकदा आईला दवाखान्यात न्यावयाचे. त्याच्यापुढे दोन गाड्या आल्या. दोन्ही एकाच बनावटीच्या, पाच पाच वर्षे वापरलेल्या. धडधाकट स्थितीत तशा गाडीला ६०,००० रुपये पडले असते. पहिली ४०,००० ला मिळत होती. टाकी नव्याने रंगवलेली, आरशासारखी. दुसरी गोव्याच्या नंबरची, ३५,००० ला. तिचा पुढचा दिवा फुटलेला, टाकीला खड्डा, सायलेन्सर खरवडलेला, ब्रेकचा दांडा वाकलेला.

तरुणाचे मन पहिलीवर बसले यात नवल नाही. त्याचे मामा मात्र सारे आयुष्य लेथवर काढलेले. ते म्हणाले, “अरे, खरचटलेलं दिसतंय ते बरं. रंगाखाली काय आहे ते कोण सांगणार?”

मामांचे हे बोलणे वरकरणी उलटे वाटते. पण त्यात तथ्य आहे. मोटारसायकल पडते ती ढोबळ मानाने दोन रीतींनी. वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर चाक निसटले की ती एका अंगावर घसरत जाते. अशा वेळी जे जमिनीला आधी लागते ते झिजते: हँडलचे टोक, ब्रेकचा दांडा, पाय ठेवावयाची दांडी, सायलेन्सर, इंजिनाचे बाजूचे झाकण. हे सारे बोल्टने बसवलेले भाग. बदलले की काम झाले. झाकणाला चीर जाऊन तेल पाझरत नाही ना, एवढे मात्र पाहावे. दुसऱ्या रीतीत गाडी समोरून कशावर तरी आदळते. तो धक्का पुढच्या चाकातून चिमट्यात, चिमट्यातून हँडलखालच्या नळीत आणि तेथून साऱ्या सांगाड्यात, म्हणजे गॅरेजवाले ज्याला चॅसी म्हणतात त्यात, शिरतो. त्या नळीचा कोन किंचित बदलला तरी गाडीचा स्वभाव पालटतो. गावात सावकाश जाताना गुणी वाटणारी गाडी मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच हँडल झटकू लागते, आणि मागे आई बसलेली असते. वाकलेली नळी ताणून सरळ करता येते हे खरे; परंतु वाकताना आणि पुन्हा सरळ होताना लोखंडाने काय सोसले, याचा हिशेब कोणताही कारागीर छातीठोकपणे देऊ शकत नाही.

मामा-भाचे पहिली गाडी पाहावयास गेले ते भर दिवसा, सुतळी, मापाची फीत आणि विजेरी घेऊन. गाडी नुकतीच धुऊन ठेवली होती. मामांनी ती आधी फडक्याने कोरडी करावयास लावली, कारण ओल्या पत्र्यावर खड्डे लपतात. मग त्यांनी हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवले. हँडल जेथे अडते तेथे सांगाड्याला एक लहानसा खुंट असतो. जोराची टक्कर झाली की बहुधा तोच प्रथम चेपतो. आणि रंगवणाऱ्याचा हात तेथवर क्वचितच पोहोचतो. डाव्या बाजूचा खुंट चेपलेला होता. हँडलखालून इंजिनाकडे उतरणाऱ्या नळीवर बोट फिरवताच रंगाखाली लाट लागली; लांबी भरून ती जागा घासली होती. मागच्या टायरच्या दोन्ही अंगांना टेकवून सुतळी पुढे ताणली, तेव्हा पुढच्या टायरपासून एका बाजूचे अंतर दुसरीपेक्षा स्पष्ट कमी भरले. शेवटी दोन चाकांच्या आसांमधले अंतर मोजले. गाडीच्या माहितीपुस्तकातील आकड्याहून ते जवळजवळ एक इंच कमी होते. मागचे चाक साखळी ताणण्यासाठी थोडे मागेपुढे सरकते, म्हणून ती जागाही मामांनी तपासली. चूक तेथे नव्हती.

“अहो, रोज चालवतो मी ही गाडी!” विकणारा म्हणाला. चालवतही असेल. सवयीने मनुष्य वाकड्या गाडीवरही सरळ जातो.

प्रत्येक नव्या रंगामागे लपवाछपवी असतेच असे नाही; हौसेने गाडी रंगवणारे पुष्कळ. परंतु कारण विचारावे, आणि उत्तर गाडीच्या अंगावरच्या खुणांशी जुळते का ते पाहावे.

दुसरी गाडी त्याच कसोट्यांना उतरली. खुंट शाबूत, मूळचा रंग नळीच्या जोडावर कोठे तडकलेला नाही, सुतळी दोन्हीकडे सारखी. जखमा सगळ्या उजव्या अंगाला, म्हणजे घसरल्याच्याच. मिश्रधातूचे पुढचे चाक अधांतरी फिरवून पाहिले. त्यात चीर असती तर डागडुजी न करता चाकच बदलावे लागले असते.

पण सांगाडा सरळ असला तरी कागद वाकडे असू शकतात. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक व इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षर अन् अक्षर जुळला पाहिजे; न जुळल्यास तेथूनच परतावे. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर विमा कंपनी गाडी पूर्ण निकामी धरते. अशा गाड्या भंगाराच्या भावाने विकल्या जाऊन पुन्हा रस्त्यावर येतात, आणि त्यांचे कागद चोरीच्या गाड्यांना जोडल्याचे प्रकारही पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. अपघातात कोणी जखमी झाले होते का, हेही स्पष्ट विचारावे. पोलिसांनी जप्त केलेली गाडी मालकाला सुपुर्दनाम्यावर परत मिळते. न्यायालयाच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही.

विम्याचा जुना कागदही पुष्कळ बोलतो. ज्या वर्षी भरपाई मागितली नाही त्याबद्दल पुढच्या हप्त्यात सूट मिळते, आणि भरपाई घेतली की ती शून्यावर येते. गोव्याच्या गाडीची सूट दोन वर्षांपूर्वी शून्य झालेली दिसली. मामांनी कारण विचारले. मालकाने गॅरेजचे बिल काढून दाखवले: पावसाळ्यात उभ्या गाडीवर फांदी पडून आसन आणि मागचा दिवा फुटला होता. बिलात त्याच दोन वस्तू होत्या.

मग हिशेब झाला. गाडीचे ३५,०००, गॅरेजने लिहून दिलेला दुरुस्तीचा अंदाज ९,०००, गोव्याचा नाहरकत दाखला, कर्नाटकातील कर व नवी नोंदणी यांचे मिळून अंदाजे ९,०००. एकूण ५३,०००. पंचवीस हजारांची वाटणारी बचत सातावर आली, आणि त्यात गाडी गॅरेजात पडून राहावयाचे दिवस धरलेलेच नाहीत. सीमेवरच्या लोकांना हा दोन राज्यांचा फेरा नवा नाही. तरी गाडी पाहताना तो विसरला जातो खरा. नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याने ३० दिवसांत आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो. विकणाऱ्यालाही यात सवड नाही. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून सरळ व्यवहाराचा मालक नावबदलीची घाई स्वतःच करतो.

मामांनी २९,००० सांगितले: पाच हजार आज पावतीवर, बाकीचे नाहरकत दाखला हातात पडल्यावर. मालक थोडा वेळ गप्प राहिला, मग “सोमवारी सांगतो” म्हणाला. भाच्याचा चेहरा उतरला. पहिल्या गाडीवाल्याचा निरोप तोवर येऊन ठेपला होता. तो आता ३६,००० ला तयार होता.

“मामा, चार हजार उतरला तो,” भाचा बसच्या थांब्यावर म्हणाला.

“एक इंच कमी आहे तो भरून देतो म्हणाला का?” मामांनी विचारले, आणि खानापूरची बस आली.