कवडीची चकाकी

ब्रिटिश कोलंबियातल्या सरेच्या क्रेसेंट बीचवर ओहोटीला मून स्नेल या समुद्री गोगलगायीचे मुठीएवढे शंख सापडतात, पण कवडी सापडणार नाही. तिला हिंदी आणि प्रशांत महासागरातलं उबदार, उथळ पाणी लागतं. तरी समुद्रापासून दूर असलेल्या तुळजापुरात भवानीचे आराधी तिची माळ गळ्यात घालतात, आणि भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या 'लीलावती'त नाण्यांचं कोष्टक कवडीपासूनच सुरू होतं: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला 1280 कवड्या. देव्हारा आणि बाजार या दोन्ही ठिकाणी ती कशी पोचली, याचं उत्तर माणसाच्या श्रद्धेआधी त्या प्राण्याच्या अंगात शोधायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

कोवळ्या कवडीचं कवच पातळ, साध्या गोगलगायीसारखं असतं. वयात आल्यावर त्याची कड आत वळते, जाड होते, पोटाकडे दातेरी चीर उरते आणि लांबीची वाढ थांबते. जिवंत कवडी आपल्या मऊ अंगाच्या दोन पाळी दोन्ही बाजूंनी वर आणून पाठ झाकते; त्याच पाळी कवचावर थर चढवतात, ओरखडे भरून काढतात. ठरावीक घडण, टणकपणा आणि चकाकी असं नाण्याला हवं ते सगळं या गोगलगायीनं आधीच करून ठेवलेलं असतं. शिवाय तिची नक्कल करणं अवघड.

यावर कोणी म्हणेल, मोल तिच्या अंगातच असेल, तर मग मालदीवच्या किनाऱ्यावर तिचे ढीग का पडत? आक्षेप खरा आहे. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूतानं तिथं पाहिलं, की कवड्या खड्ड्यांत पुरून मांस कुजवतात आणि बंगालला पाठवून तांदूळ आणतात. गुण अंगचे असले तरी मोल यायला अंतर लागतं. आपल्या याच प्रांतात, व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, नू-चा-नुल्थ लोक खोल पाण्यातून डेंटालियमचे नळीसारखे पांढरे शंख काढत, आणि ते रॉकी पर्वतांपलीकडे मोलानं जात. उलट, एकोणिसाव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांनी झांझिबारकडच्या कवड्या जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत ओतल्या, तेव्हा तिथल्या लोकांची साठवलेली पुंजी मातीमोल झाली. चकाकी तशीच होती, फक्त टंचाई संपली होती.

आज ती नाणं नाही, पण चकाकीची मागणी आहे. वाळूत घासटलेली कवडी निस्तेज होते. म्हणून दुकानातली लखलखीत कवडी बहुधा जिवंत धरून मारलेली असते. ही जात अजून मुबलक आहे, हे मान्य. पण मुबलकतेचा हवाला देऊन एका माळेसाठी इतके जीव घेणं मला पटत नाही. घरात आजीच्या वेळची माळ असेल, तर नवरात्रात तीच देवीला घाला. नवी मागवू नका.