सोयरीक आणि स्वारी

मी डोंबिवलीचा. इथून लोकलने अर्ध्या तासाच्या आत अंबरनाथ येते. तिथल्या शिवमंदिरात मी अनेक वर्षे नुसता हात जोडून परतत असे. मग कळले, की मंदिरातल्या शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०च्या शिलालेखात मम्मुणी या शिलाहार राजाचे नाव आहे. आपले ठाणे म्हणजेच स्थानक ही त्याची राजधानी.

या मम्मुणीची एक गोष्ट धारवाडजवळच्या नरेंद्र गावच्या शिलालेखात आहे. गोव्याचा कदंब राजा षष्ठदेव कोकणात मुसंडी मारत आला. ठाण्याच्या राजाने तलवार उपसली नाही. पाहुण्याला वाड्यात नेले, आपली मुलगी दिली आणि जावयाला पाच लाखांचे सोनेही दिले. लेख कदंबांचा, तेव्हा थोडी बढाई धरूनच चालावे. पण लढाईचे लग्न झाले, एवढे खरे.

ही सोयरीक टिकली का? नाही. पुढे कदंबांच्याच जयकेशीने कपर्दिकद्वीपाच्या राजाला मारल्याचे त्यांचे लेख अभिमानाने सांगतात. कपर्दिकद्वीप म्हणजे उत्तर कोकण, असे अभ्यासक मानतात.

शत्रूला वाट मिळाली ती घरातूनही. मम्मुणीच्या पुतण्याचा, अनंतदेवाचा, १०९४चा खारेपाटण ताम्रपट म्हणतो, की भाऊबंदांच्या वैरात देशाला छळणाऱ्या यवनांना त्याने हुसकावले. अपरादित्याचा ११२७चा ताम्रपट तर आणखी बोलका आहे. छित्तुक्क नावाचा शत्रू उठला आणि सामंत त्याला जाऊन मिळाले. राजा उरला एकटा, एक घोडा आणि एक तलवार घेऊन. तो जिंकला. पण कालपर्यंत मुजरे करणारे किती लवकर फिरले! पुढे १२६५च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने शेवटचा शिलाहार सोमेश्वर याला समुद्रात गाठले आणि हे राज्य बुडाले.

आजही अंबरनाथला गेलो, की मला राजांपेक्षा ठाण्याहून गोव्याला गेलेली ती मुलगी आठवते. दोन राज्यांचा तह तिच्या पदराला बांधला होता. माहेर आणि सासर एकमेकांवर उठले तेव्हा तिला काय वाटले असेल, हे कुणी दगडावर कोरून ठेवलेले नाही.