न कुरकुरणारे चाक



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त, इतिहास आणि राजकारण ऐकावयास येण्याची आपली जुनी सवय आहे. तेथे चाकाच्या वंगणावर बोलावयास कोणी उभे राहिले, की काही भुवया वर जातात, हे आम्ही जाणून आहोत. पण विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही साली कृष्णाकाठाने महापूर पाहिला. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. अशा वेळी माणसे बाहेर काढावयास होडी लागते. होडी पाण्यात चालते खरी, परंतु पाण्यापर्यंत तिला रस्त्यानेच जावे लागते. रबरी होडी ट्रकात घालता येते; फायबरची जड होडी इंजिनासह दोन चाकांच्या ट्रेलरवर ठेवून जीपमागे ओढून नेणे सोयीचे पडते. होडीला भोक नाही ना हे आपण पाहतो, इंजिन सुरू करून बघतो, दोर आणि जाकिटे मोजतो. खालच्या चाकांकडे कोण पाहतो? आणि चाकच वाटेत अडकले, तर वरच्या साऱ्या तयारीचा उपयोग काय?

आपल्या बैलगाडीचे उदाहरण घ्या. आसावर लाकडी तुंबा फिरे, आणि वंगण आटले की गाडी कुरकुरू लागे. गाडीवान खाली उतरे, गाडीला लटकवलेले वंगणाचे नळकांडे काढी आणि आसाला वंगण लावी. त्या चाकाला बोलता येत होते. आजचे बंद चाक मुके आहे. ते बिघडू लागले तरी बरेच दिवस तक्रार करीत नाही, आणि जेव्हा करते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आजच्या आमच्या सांगण्याचे सार एवढेच की, जे चाक बोलत नाही, त्याची चौकशी आपण होऊन केली पाहिजे.

या चाकाच्या पोटात काय असते? तुंब्याच्या जागी लोखंडी हब असते. पुष्कळ ट्रेलरांच्या हबात निमुळत्या रुळांची दोन बेअरिंगे असतात, एक आतल्या अंगास व एक बाहेरच्या. या जातीच्या बेअरिंगाचे पेटंट १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी घेतले. ते मूळचे घोडागाड्या बांधणारे. म्हणजे हा शोधही गाडीच्या आसापासूनच निघाला. हबाच्या मागच्या तोंडाशी रबराचे सील आणि पुढे पत्र्याची टोपी असते. दुसरी जात अलीकडची. तिच्यात कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी बंद केलेले एकच बेअरिंग हबात दाबून बसवलेले असते. ते उघडावयाचे नसते. बिघडले की बदलावयाचे.

आता पाणी आत शिरते कसे ते पाहू. दहा-वीस मैल धावल्यावर हब तापते. ब्रेक असतील तर अधिकच तापते. आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर निसटते. घाटावर पोहोचताच आपण ट्रेलर मागे घेऊन चाके गार पाण्यात बुडवतो. हब एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढले जाते. तापलेला तांब्या पाण्यात पालथा घातला, म्हणजे गार होताना तो पाणी वर खेचतो, तसाच हा प्रकार. बंद बेअरिंगात पोकळी थोडी असल्याने हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. शिरलेले पाणी ग्रीसमध्ये मिसळून ते दुधासारखे पांढुरके होते. मग रुळांवर गंज चढतो, गंजाने खड्डे पडतात आणि पुढच्या खेपेस ते रूळ स्वतःलाच दळू लागतात. पुराच्या पाण्यात गाळ असतो, खाडीच्या पाण्यात मीठ, दोन्ही वाईटच.

म्हणून पहिला नियम असा की, पाण्यात उतरण्यापूर्वी हबाला निवू द्यावे. होडीचे पट्टे सोडण्यात व इंजिन बसवण्यात जाणारा वेळ त्यासाठी वापरावा. पुरात जीव वाचवावयाचे असताना थांबता येणार नाही हे उघड आहे. मग पूर ओसरल्यावर तीच चाके आधी तपासावीत. उथळ पाण्यातून होडी ढकलता येत असेल, तर हब बुडवूच नये.

दुसरी गोष्ट तपासणीची. एक चाक जमिनीवर ठेवून त्याला पुढेमागे दगड लावावेत, दुसरे जॅकने उचलावे आणि आसाखाली भक्कम टेकू द्यावा. चाक हाताने फिरवून खरखर लागते का पाहावे. टायर वरखाली धरून हलवावा. बंद बेअरिंगाला जाणवण्याजोगी ढिलाई नसावी; निमुळत्या रुळांना केसाएवढी चालते. चाकाच्या आतल्या बाजूस ग्रीसचे ओघळ दिसले, तर सील गेले असे समजावे. पाच-सहा मैल ओढून हबाजवळ पालथा हात न्यावा. कोमट असणे साहजिक आहे. एक बाजू दुसरीपेक्षा फार तापली असेल तर काम निघाले.

उघडावयाच्या जातीचे हब वर्षातून एकदा तरी उघडावे. बेअरिंगे रॉकेलमध्ये धुऊन कोरडी करावीत. खड्डा किंवा निळसर डाग दिसला तर ते बेअरिंग बाहेरच्या कड्यासह जोडीने बदलावे. पाण्यात टिकणारे ग्रीस तळहातावर घेऊन रुळांच्या फटींतून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत दाबावे. निरनिराळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत, कारण काही जाती मिसळल्या की पातळ होऊन वाहू लागतात. सील नवेच घालावे. चाक फिरवीत नट आवळावा, मग सोडून बोटांनी लागेल इतकाच घट्ट करावा आणि नवी पिन घालावी. ग्रीस कोंबून भरणे ही काळजी नव्हे. जादा दाबाने मागचे सील सुटते आणि ग्रीस ब्रेकवर जाते.

बंद बेअरिंगाला यातले काही करावयाचे नाही. ते उचकटून ग्रीस भरू पाहणे म्हणजे त्याचे सील आपल्याच हाताने फोडणे होय. त्याचा नट कारखान्याने सांगितलेल्या मापानेच, मापाच्या पान्याने आवळावा. एकदाच वापरावयाचा नट असेल तर नवा घ्यावा. चाके धुताना पाण्याचा जोरदार फवारा सीलवर मारू नये.

शेवटचा मुद्दा उभ्या चाकाचा. पुराच्या होडीचा ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस शेडमध्ये उभा असतो. आपण समजतो, चालला नाही म्हणजे झिजला नाही. पण आत ओल राहिली असेल, तर रूळ त्याच जागी टेकलेले राहतात आणि तेथेच गंज धरतो. महिन्यातून एकदा चाके उचलून दहा-वीस फेरे फिरवावीत, म्हणजे ग्रीस पुन्हा सगळीकडे पसरते.

श्रोते हो, ‘बंद’ या शब्दाचा अर्थ निर्धास्त असा आपण करून घेतला आहे. त्याचा खरा अर्थ, आतले बाहेरून दिसत नाही, एवढाच. पावसाळा अजून दोन महिने दूर आहे. ज्यांच्या गावात, मंडळात वा संस्थेत अशी होडी असेल, त्यांनी उद्या जाऊन तिची दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. पाणी चढू लागल्यावर ती सवड मिळत नसते.