घटक राज्यांचे राज्यपण

सामान्य नागरिकाचा सरकारशी संबंध येतो तो कोठे? शेतकऱ्याला जमिनीचा उतारा देणारा तलाठी, फिर्याद नोंदवून घेणारा फौजदार, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, कालव्याचे पाणी सोडणारा पाटकरी हे सारे राज्य सरकारचे सेवक होत. जन्मापासून मृत्यूपर्यंत नागरिकाला ज्या शासनाची गाठ पडते, ते बहुतांशी राज्याचे शासन असते. दिल्लीचे सरकार त्याला टपालकचेरीत व रेल्वेच्या स्थानकावर भेटते, आयकर भरणाऱ्याला वर्षातून एकदा भेटते, आणि एरवी ते त्याच्या कानावर केवळ बातम्यांतून येते. असे असूनही भारतात केंद्र प्रबळ व राज्ये दुबळी, असे विधान वारंवार केले जाते. आणि ते चुकीचे आहे असेही म्हणता येत नाही. हा विरोधाभास उलगडावयाचा तर घटक राज्यांच्या हाती नेमके काय आहे, याचा शांतपणे हिशोब मांडला पाहिजे.

राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ आहे असे म्हटले आहे. ही शब्दयोजना सहेतुक होती. घटनेचा मसुदा घटना समितीपुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिचा खुलासा केला. भारताचे संघराज्य हे घटकांनी एकत्र येऊन केलेल्या करारातून निर्माण झालेले नाही, आणि म्हणूनच कोणत्याही घटकाला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेत आधी राज्ये होती व मग संघ झाला. भारतात एकसंध ब्रिटिश अंमलाखालील प्रांत आणि शेकडो संस्थाने यांतून संघाने राज्ये घडविली. देशाची फाळणी नुकतीच झाली होती, निर्वासितांचे लोंढे येत होते, अन्नधान्याची टंचाई होती, संस्थानांचे विलीनीकरण अद्याप पुरे व्हावयाचे होते. अशा काळात घटनाकारांनी बळकट केंद्राची निवड केली, तर त्यात आश्चर्य ते कोणते? त्यांच्यापुढे १९३५ च्या कायद्याचा आराखडाही तयार होता, आणि अधिकारांच्या तीन सूच्या त्यातूनच आल्या.

या निवडीचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे घटनेचा तिसरा अनुच्छेद. त्यान्वये राज्याच्या सीमा बदलणे, त्याचे नाव पालटणे, दोन राज्ये जोडणे वा एका राज्याची दोन करणे, हे सर्व संसदेला साध्या बहुमताने करता येते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते. ते मानण्याचे बंधन मात्र नाही. आंध्र प्रदेशच्या विधिमंडळाने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचे विधेयक नाकारले, तरीही पुढील महिन्यात संसदेने ते संमत केले आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण अस्तित्वात आले. २०१९ साली तर जम्मू-काश्मीर या राज्याचेच दोन केंद्रशासित प्रदेशांत रूपांतर झाले. ज्याचा देहच दुसऱ्याच्या कायद्यावर अवलंबून आहे, त्याचे सामर्थ्य ते काय, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो.

परंतु या नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सीमा बदलण्यासाठी प्रत्येक राज्याची संमती आवश्यक असती, तर १९५६ ची राज्यपुनर्रचना झाली नसती आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्येही जन्माला आली नसती. भाषिक राज्यांची मागणी लोकांनी केली, त्यासाठी प्राणही वेचले. पण ती मान्य होऊ शकली ती याच लवचीक अनुच्छेदामुळे. जो अधिकार राज्य मोडू शकतो, त्याच अधिकाराने लोकभावनेला अनुरूप असे राज्य घडविता आले, ही गोष्ट मराठी माणसाने तरी विसरता कामा नये.

आता अधिकारांकडे वळू. सातव्या परिशिष्टात मूळच्या रचनेनुसार संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते. समवर्ती विषयावर केंद्राचा व राज्याचा कायदा परस्परविरोधी असला, तर सामान्यतः केंद्राचा कायदा टिकतो. कोणत्याच सूचीत नसलेले विषय, म्हणजे शेषाधिकार, केंद्राकडे जातात. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण व वने यांसारखे विषय राज्यसूचीतून काढून समवर्ती सूचीत घातले. संख्येचा हा तोल पाहिला म्हणजे राज्यांच्या तक्रारीत तथ्य आहे हे मान्य करावे लागते. तथापि जे विषय त्यांच्याकडे उरले ते क्षुल्लक नाहीत. पोलीस व कायदा-सुव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, पाणी आणि स्थानिक स्वराज्य हे विषय म्हणजे भारतीय माणसाचे दैनंदिन जीवनच होय.

शिवाय कायदा करणे निराळे आणि तो अमलात आणणे निराळे. खेड्यापाड्यांपर्यंत पोचणारे हात केंद्राजवळ थोडेच आहेत. संसदेने केलेल्या बहुतेक कायद्यांची अंमलबजावणी राज्यांच्याच यंत्रणेमार्फत होते. जिल्हाधिकारी हा अखिल भारतीय सेवेतील असला, त्याची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाने केलेली असली, तरी तो काम करतो राज्य सरकारच्या हाताखाली. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत टाळेबंदीचा आदेश दिल्लीहून निघाला. पण रुग्णालयांत खाटा वाढविणे, वाड्यावस्त्यांवर धान्य पोचविणे, परगावी निघालेल्या मजुरांची सोय लावणे ही कामे राज्यांच्या व जिल्ह्यांच्या अंगावर पडली. ज्या राज्याची आरोग्ययंत्रणा आधीपासून चांगली होती, तेथे त्याच आदेशाचा परिणाम वेगळा दिसला. आदेश एक, पण फळ मात्र राज्याराज्यांत निराळे. राज्याच्या कर्तबगारीला वाव आहे तो याच अंतरात.

मात्र कर्तबगारीला पैसा लागतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. मोठी व वाढती करसाधने केंद्राकडे आहेत, तर सरकारी खर्चाचा साठ टक्क्यांहून अधिक भार राज्ये उचलतात. ही तफावत भरून काढण्यासाठी घटनेने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याची तरतूद केली. चौदाव्या वित्त आयोगाने विभाज्य करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला. पंधराव्या आयोगाने, जम्मू-काश्मीर राज्य न उरल्यामुळे, तो ४१ टक्के ठेवला. परंतु उपकर व अधिभार यांचे उत्पन्न या विभाज्य निधीत येत नाही. त्यामुळे केंद्राने कराऐवजी उपकर वाढविला, की टक्केवारी तीच राहूनही राज्यांच्या पदरात कमी पडते. आकड्याकडे पाहताना तो कशाचा टक्का आहे हेही विचारले पाहिजे, ते यासाठीच.

नियोजनाच्या काळात दुसरी एक चिंता होती. योजनांसाठी राज्यांना द्यावयाचे साहाय्य कोणत्या कसोटीवर ठरते, हे स्पष्ट नसे. नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९६९ साली एक सूत्र स्वीकारण्यात आले. लोकसंख्येला साठ टक्के भार, आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्याच्या विशेष अडचणी यांना प्रत्येकी दहा टक्के, असे ते सूत्र होते. त्याने प्रत्येक राज्य संतुष्ट झाले असे नव्हे. पण मर्जीच्या जागी नियम आला, ही त्याची थोरवी. नियोजन मंडळ २०१४ मध्ये विसर्जित होऊन १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला. मात्र साहाय्य मर्जीने मिळावे की नियमाने, हा गाडगीळांनी हाताळलेला प्रश्न जुना झालेला नाही.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर हा या इतिहासातील एक नवा अध्याय होय. विक्रीकर हे राज्यांचे सर्वांत मोठे स्वतःचे साधन होते. त्याचा मोठा भाग राज्यांनी सामाईक व्यवस्थेत घातला. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताला एकतृतीयांश व सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोनतृतीयांश भार आहे, आणि निर्णयासाठी तीनचतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राला एकट्याने काही करता येत नाही आणि केंद्रावाचून राज्यांनाही काही करता येत नाही. परिषदेच्या शिफारशी संसदेवर व विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. सर्वांनी एकत्र बसून ठरविण्याची ही सवय लागली, तर तिचा लाभ करापुरताच मर्यादित राहणार नाही. परंतु त्यासाठी राज्यांनीही आपला मुद्दा अभ्यासपूर्वक मांडला पाहिजे.

राज्यांच्या मनातील सर्वांत जुनी भीती ३५६ व्या अनुच्छेदाची. हा अधिकार सहसा वापरावा लागणार नाही, तो कागदावरच राहील, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत व्यक्त केली होती. प्रत्यक्षात राष्ट्रपती राजवट शंभराहून अधिक वेळा लागू झाली. १९५९ मध्ये केरळातील नंबुद्रीपाद मंत्रिमंडळ गेले. १९७७ मध्ये केंद्रातील नव्या सरकारने नऊ राज्यांची सरकारे एकदम बरखास्त केली, आणि १९८० मध्ये त्यानंतरच्या सरकारने पुन्हा नऊ राज्यांबाबत तेच केले. त्यांत महाराष्ट्रही होता. पक्ष बदलले, पण मोह बदलला नाही. या प्रवृत्तीला लगाम बसला तो ११ मार्च १९९४ रोजी, बोम्मई खटल्याच्या निकालाने. बहुमत आहे की नाही याचा निर्णय राजभवनात नव्हे तर विधानसभेत झाला पाहिजे, बरखास्तीची कारणे न्यायालयाला तपासता येतात, आणि संघराज्यात्मकता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, ही तत्त्वे त्या निकालाने प्रस्थापित केली. त्यानंतर या अधिकाराचा वापर बराच कमी झाला.

येथवर राज्यांच्या मर्यादांचा विचार झाला. पण मर्यादेच्या आत राहूनही काय करता येते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राने घालून दिले आहे. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे रस्त्यांच्या व तलावांच्या कामांवर खडी फोडीत होती. या अनुभवातून, आणि वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेल्या कल्पनेतून, रोजगार हमी योजना आकाराला आली. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर जबाबदारी राज्याने १९७७ च्या कायद्याने पत्करली. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पैसा आणावयाचा कोठून? राज्यसूचीत व्यवसायांवरील कर हा एक लहानसा, दुर्लक्षित विषय होता. महाराष्ट्राने १९७५ मध्ये त्याचा कायदा केला आणि शहरातील पगारदाराने दुष्काळी खेड्यातील मजुराला हातभार लावावा अशी व्यवस्था केली. या योजनेत गैरव्यवहार झाले, मजुरी उशिरा मिळाली, हे खरे. तरीही २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव डोळ्यांपुढे होता. तमिळनाडूने शाळेत मुलांना दुपारचे जेवण देऊन दाखविले, त्याचे पुढे देशव्यापी धोरण झाले. माहितीच्या अधिकाराचा कायदा तमिळनाडूने व चिमुकल्या गोव्याने १९९७ मध्येच केला होता. संसदेचा कायदा २००५ चा. एका राज्यात चुकले तर तेवढ्यापुरते चुकते, आणि साधले तर सर्वांना शिकता येते. राज्यांच्या अस्तित्वाचे याहून भक्कम समर्थन दुसरे नाही.

अखेरीस एक प्रश्न राज्यांनी स्वतःला विचारावयाचा आहे. जे गाऱ्हाणे ती दिल्लीपुढे मांडतात, तेच गाऱ्हाणे त्यांच्या ग्रामपंचायती व नगरपालिका त्यांच्यापुढे मांडीत नाहीत काय? १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापून महाराष्ट्राने सत्तेच्या विकेंद्रीकरणात आघाडी घेतली होती. १९९३ पासून त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींसाठी २९ व नगरपालिकांसाठी १८ विषयांची यादी दिली आणि दर पाच वर्षांनी निवडणुकांचा दंडक घातला. असे असूनही मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर आरक्षणाचा वाद व प्रभागरचना यांच्या घोळात तीन वर्षांहून अधिक काळ तेथे लोकनियुक्त सभागृह नव्हते. देशातील सर्वांत धनाढ्य नगरीचा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. राज्यांनी केंद्राकडे मागावयाचे आणि गावाला द्यावयाचे नाही, ही नीती तर्काला धरून नाही.

सत्तेचे वाटप हा दोन सचिवालयांमधील तंटा नव्हे. गावच्या पाझर तलावाचा निर्णय जेथे तो तलाव दिसतो तेथे व्हावा, आणि सीमेच्या रक्षणाचा निर्णय जेथून सारी सीमा दिसते तेथे व्हावा, एवढीच त्यामागील साधी दृष्टी आहे. केंद्र बळकट असावे याविषयी घटनाकारांच्या मनात संदेह नव्हता. परंतु राज्ये दुर्बल ठेवून ते बळकट होईल, असे त्यांनी मानले असल्याचे दिसत नाही. राज्याचे राज्यपण सूचीतील विषयांच्या संख्येवर थोडे, आणि मिळालेल्या विषयांचे ते काय करते यावर पुष्कळसे अवलंबून असते. व्यवसायकरासारख्या एका लहान अधिकारातून लक्षावधी हातांना काम देता आले, हा इतिहास त्याची साक्ष देतो.