पिनेचे नाव आणि पिनेची वागणूक

संगणक, दूरचित्रवाणी संच किंवा बॅटरी भारण्याचे यंत्र, यांच्या पोटात आज स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा असतो. त्यातील मॉस्फेट सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि त्याला हुकूम देते एक छोटी नियंत्रक चिप. यूनिट्रोड या अमेरिकन कंपनीने आणलेली यूसी ३८४२ ही त्यांपैकी फार प्रचलित. तिला आठ पिना आहेत. नवशिका रचनाकार नावे वाचून जोडणी करतो. परंतु पिनेचे नाव कळणे निराळे आणि तिची वागणूक कळणे निराळे. तीन पिनांवरून हे पाहू.

सातव्या पिनेतून चिपेला वीज मिळते. तेथील दाब सुमारे १६ व्होल्ट होईपर्यंत चिप निजलेली असते व जेमतेम एक मिलिअँपियर प्रवाह घेते. एकदा जागी झाली, की दाब १० व्होल्टपर्यंत उतरला तरी ती काम सोडीत नाही. हे अंतर मुद्दाम ठेवलेले आहे. २३० व्होल्ट विजेचे एकदिशीकरण झाले म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट मिळतात. तेथून १५० किलो-ओहमचा रेझिस्टर दोन मिलिअँपियर देऊन कंडेन्सर भरतो. जागी झालेली चिप मात्र अकरा मिलिअँपियर मागते, शिवाय मॉस्फेटचा खर्च निराळा. तो भार कंडेन्सरच्या साठ्यावर क्षणभरच निभतो. तेवढ्यात ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्यक वेटोळ्याने पुरवठा हाती घ्यावा लागतो. त्याने घेतला नाही, तर चिप निजते, कंडेन्सर पुन्हा भरतो, ती पुन्हा जागते. हीच ती परिचित टिकटिक. अशा वेळी पुष्कळ जण चिप बदलतात आणि नवीही टिकटिकतच राहते! दोष असतो वेटोळ्याच्या उलट्या टोकांत, सुकलेल्या कंडेन्सरमध्ये किंवा बाहेरच्या शॉर्टमध्ये.

तिसरी पिन प्रवाह मोजते. तिच्यावर एक व्होल्ट आला, की त्या आवर्तनापुरता मॉस्फेट बंद. अर्ध्या ओहमचा रेझिस्टर लावल्यास ही मर्यादा दोन अँपियर होते. परंतु मॉस्फेट उघडताना क्षणिक उसळी येते आणि चिप तीच खरी मानते. म्हणून लहानसा रेझिस्टर व कंडेन्सर यांची गाळणी लावतात. गाळणी फार मोठी केली, तर खरे संकटही झाकले जाते आणि मॉस्फेट जळतो.

पहिली पिन नावाने भरपाईची (कॉम्प). तरीही तिला बाहेरून एक व्होल्टखाली ओढले, की सारे स्पंद थांबतात. संरक्षणासाठी याचा उत्तम उपयोग होतो.

तेव्हा माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरील चित्रावर विसंबू नका; आतील तक्ते वाचा. मोजमापापूर्वी वीज तोडून मोठा कंडेन्सर रिकामा झाल्याची खात्री करा. बदललेली चिप दहा रुपयांची असेल. त्या ३२५ व्होल्टांशी गाठ पडली, तर जिवावर बेतते.