आहारसंयम आणि दातांचे आरोग्य

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा मंगल प्रसंग आहे. अशा प्रसंगी दातांसारखा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या देहाच्या आधाराने श्रावक-श्राविका सामायिक, स्वाध्याय आणि तप करतात, त्या देहात अन्न जाते ते मुखातूनच. काय खावे, केव्हा खावे आणि किती वेळा खावे, या तिन्ही प्रश्नांचा जैन परंपरेने सूक्ष्म विचार केला आहे. त्यांतील तिसरा प्रश्न हाच दंतशास्त्राचाही मुख्य प्रश्न आहे. आजच्या विवेचनाचे सूत्र तेच आहे.

कीड म्हणजे काय?

'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो. पण दातात कोणताही किडा नसतो. दातांवर सूक्ष्म जिवाणूंचा एक चिकट थर सतत जमत असतो. साखर किंवा पिठूळ पदार्थ तोंडात आला की हे जिवाणू त्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील क्षार विरघळवते. हा परिणाम सुमारे अर्धा तास टिकतो. त्यानंतर लाळ ते आम्ल सौम्य करून गेलेले क्षार हळूहळू दाताला परत देते. झीज आणि भरपाई यांचा हा जमाखर्च अहोरात्र चालू असतो. झीज वारंवार झाली आणि भरपाईला अवधी मिळाला नाही, तर शिल्लक संपते व दातात खड्डा पडतो.

म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला अधिक महत्त्व आहे. जेवणात एकदा वाटीभर शिरा खाणाऱ्याच्या दातांना जितका धोका असतो, त्याहून अधिक धोका दुकानाच्या गादीवर बसून दिवसभरात आठ वेळा साखरेचा चहा आणि सोबत बिस्किट घेणाऱ्याला असतो. आठ वेळा चहा म्हणजे जवळजवळ चार तास आम्लाचा मारा. एकासनात एकदाच आणि बियासनात दोनदाच आहार घेतला जातो. तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे, दंतरक्षण नव्हे; तथापि दातांना विश्रांती देणारी याहून उत्तम शिस्त शोधून सापडणार नाही. ज्यांना बियासन शक्य नाही त्यांनी निदान दोन जेवणांच्या मध्ये गोड टाळावे आणि चहाच्या वेळा मोजून ठरवाव्यात.

चउविहार आणि रात्रीचे दात

झोपेत लाळ फार कमी स्रवते. त्यामुळे रात्री दातांचे नैसर्गिक संरक्षण दुबळे होते. म्हणूनच दंतवैद्य रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करण्याचा आग्रह धरतात. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांची येथे अडचण होते. सायंकाळी घाईघाईने भोजन उरकायचे, लगेच पच्चक्खाण घ्यायचे आणि अन्नकण दातांत तसेच ठेवून रात्र काढायची, असे अनेक घरांत घडते.

उपाय सोपा आहे. भोजन दहा-पंधरा मिनिटे आधी आटोपावे, दोन मिनिटे व्यवस्थित ब्रश करावा, चूळ भरावी आणि मग पच्चक्खाण घ्यावे. असे करणाऱ्याचे मुख सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत, अन्नरहित व स्वच्छ राहते. रात्री उशिरापर्यंत काही ना काही तोंडात टाकणाऱ्याला हा लाभ मिळत नाही. फ्लोराइडयुक्त पेस्ट दातांचे आवरण बळकट करते. पेस्ट घेताना वेष्टनावरील घटक वाचावेत, म्हणजे प्राणिजन्य द्रव्ये व मध टाळता येतील. ब्रश करताना नळ बंद ठेवावा. अप्कायाच्या जीवांची तेवढीच जयणा होते. भोजनानंतर थाळी धुऊन पिण्याची रीत आपल्याकडे आहे. त्याच पाण्याचा घोट तोंडात नीट खळखळवून गिळला, तर दातांतील अन्नकणही निघून जातात.

मुनिव्रत आणि गृहस्थ

दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अदंतधावन आहे, मग गृहस्थाने दात का घासावेत, असा प्रश्न कधी कधी विचारला जातो. मुनिराज दिवसातून एकदाच, उभे राहून, हातांच्या ओंजळीत आहार घेतात. अस्नान, भूमिशयन, केशलोच अशा देहममत्व सोडण्याच्या व्रतांमध्ये त्या नियमाचे स्थान आहे. गृहस्थ दिवसातून पाच-सहा वेळा खातो. आहार गृहस्थाचा घ्यायचा आणि दात घासण्यापुरते मुनिव्रत सांगायचे, हा हिशेब जुळत नाही.

तपस्या करणाऱ्यांनी मात्र वेगळी काळजी घ्यावी. उपवासात तोंड कोरडे पडते, जिभेवर थर साचतो व मुखाला वास येतो. अठाई किंवा वर्षीतप आरंभण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, म्हणजे तपाच्या मध्यावर दाढ ठणकण्याचा प्रसंग येणार नाही. उपवासाच्या दिवशी उकळलेल्या पाण्याने चूळ भरणे किंवा पेस्टविना मऊ ब्रश फिरवणे आपल्या नियमात बसते की नाही, हे गुरुभगवंतांना विचारून ठरवावे. पारण्याच्या दिवसापासून दोन्ही वेळचा ब्रश न चुकता सुरू करावा.

हिरड्यांची उपेक्षा

कीड ठणकते म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. हिरड्यांचा विकार मुकाट्याने वाढतो. ब्रश करताना रक्त येणे ही त्याची पहिली खूण होय. रक्त दिसले की बरेच जण तेथे ब्रश लावणे सोडतात, आणि रोग तेथेच बळावतो. साचलेला थर कडक होऊन त्याचे दंतकिट्ट बनते. ते घरी निघत नाही. दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. त्यामुळे दात सैल होतात किंवा त्यांत फटी पडतात, हा गैरसमज आहे. किट्टाने व्यापलेली जागा मोकळी झाल्यामुळे फट दिसते इतकेच. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते, ही समजूतही निराधार आहे.

मधुमेहींनी विशेष सावध असावे. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे कठीण होते. लोकरी शालीला कसर लागलेली दिसली की आपण ती त्याच दिवशी उन्हात घालतो, पुढच्या हिवाळ्याची वाट पाहत नाही. हिरड्यांच्या बाबतीतही हीच तत्परता हवी.

सुपारी : सर्वांत गंभीर प्रश्न

तंबाखू आणि गुटख्याचे दुष्परिणाम सर्वज्ञात आहेत. तंबाखूयुक्त दंतमंजनांवर देशात १९९२ साली बंदी आली, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरीही मिश्री आणि गुटखा पूर्णपणे हद्दपार झालेले नाहीत. मात्र जी सुपारी आपण निरुपद्रवी समजतो, जी लग्नकार्यात व साधर्मिक भोजनानंतर तबकात फिरते, तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही मानवात कर्करोग उत्पन्न करणारा पदार्थ ठरवले आहे. नियमित सुपारीने गालांचे आतील अस्तर ताठ होत जाते, तिखट लागताच आग होते आणि तोंड उघडेनासे होते. हा ताठरपणा पूर्णतः परतवता येत नाही आणि पुढे त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. गोड, सुगंधी सुपारीच्या पुड्या मुलांच्या हाती जातात, हे अधिक चिंताजनक आहे.

तपासणी घरीच करता येते. आरशासमोर तोंड उघडून आपलीच तीन बोटे उभी आत जातात का, हे पाहावे. पांढरा वा तांबडा चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम आढळल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. चउविहारात त्यागल्या जाणाऱ्या चार आहारांत स्वादिम आहे आणि सुपारी त्यातच येते. रात्रीपुरता ज्याचा त्याग शक्य आहे, त्याचा कायमचा त्याग अशक्य का असावा?

बालके आणि ज्येष्ठ

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाची समजून दुर्लक्षिली जाते आणि एकदा गेली की पुन्हा येत नाही. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. खेळताना मुलाचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर मुळाला हात न लावता तो दुधात ठेवून अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे न्यावा. पुष्कळदा तो पुन्हा बसवता येतो. ज्येष्ठांनी कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी आणि हिरड्या रोज स्वच्छ कराव्यात. खर्चाची चिंता असणाऱ्यांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत अल्प दरात उपचार मिळतात.

तीन संकल्प

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजाने तीन संकल्प करावेत. पहिला, न्यासाच्या कोणत्याही कार्यक्रमात सुपारी दिली जाणार नाही. तिच्या जागी बडीशेप किंवा धनाडाळ ठेवली जाईल. दुसरा, दरवर्षी पर्युषणापूर्वी उपाश्रयाच्या सभागृहात दंततपासणीचे शिबिर होईल. तिसरा, पाठशाळेतील प्रत्येक बालक सायंकाळी ब्रश करूनच पच्चक्खाण घेण्यास शिकेल. या तिन्हींना फारसे द्रव्य लागत नाही. निश्चय मात्र लागतो. पूर्वजांनी संयमाचा वारसा दिला आहे. त्याला थोड्या विवेकाची जोड दिली, तर न्यासाच्या शताब्दीच्या वेळी आजची बालके स्वतःच्या दातांनी प्रसाद ग्रहण करतील.

सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो. जय जिनेंद्र.